न आलेल्या गाडीचे प्रवासी

नेमके हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव दुसरंच होतं आणि ते कार्यालयातल्या हजेरीपटाखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. किती वाजले असं विचारलं की तुम्ही-आम्ही साडेनऊ म्हणून मोकळे होतो. हा गृहस्थ मनगटाकडे बघून म्हणायचा, ‘‘नेमके सांगायचे तर नऊ सत्तावीस.’’ तेवढ्यावरून नाव पडलं आणि चिकटलं. पुढे पुढे तर बायकोलाही लोक नेमकेवहिनी म्हणू लागले. तिने दोन-चार वेळा दुरुस्त करून पाहिलं, मग नाद सोडला.

रेल्वेच्या नियोजन कार्यालयात ते मोजणीदार होते. मोजणीदाराचं काम म्हणजे एका घडीच्या स्टुलावर बसायचं, हातात मुठीएवढं मोजणीयंत्र धरायचं आणि माणूस गेला की खटका दाबायचा. सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. पूल, चौक, जिने, फाटकं, जिथे म्हणून माणसं जातात तिथे नेमके बसून आले होते. त्यांच्या उजव्या अंगठ्याला एक घट्टा पडला होता आणि तो ते कौतुकाने दाखवत. एकदा पुलावर मोजताना सख्खा मेव्हणा समोरून गेला, त्याने हात केला, हाक मारली, तर यांनी खटका दाबला आणि मान पुढच्या माणसाकडे वळवली. मेव्हणा वर्षभर बोलत नव्हता. नेमक्यांचं म्हणणं एकच, बोललो असतो तर मागचे दोघे सुटले असते. असल्या माणसाशी संसार करणं म्हणजे काय, ते बायकोच जाणे.

बायको चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात होती. हातात कसब असं, की काच बोटांत धरून नुसती फिरवली तरी नंबर कुठे चुकलाय ते कळायचं. पूर्वी हा कारखाना घरापासून हाकेच्या अंतरावर होता. पाचला भोंगा व्हायचा, सव्वापाचला ती घरी, आणि रात्रीचं जेवण दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसून करत. अकरा वर्षांपूर्वी मालकाने कारखाना उचलून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला नेला. तेव्हापासून दोन बस, मध्ये पंधरा मिनिटांची पायपीट, असा तिचा प्रवास सुरू झाला. ‘‘दोन तास दहा मिनिटं लागतात,’’ ती सांगायची. पहाटे हे उठायच्या आत ती बाहेर पडलेली असे. नव्या जागी भोंगा साडेसहाला व्हायचा, त्यामुळे रात्री ती येईपर्यंत यांचं जेवण उरकून डोळाही लागलेला असे, कारण नेमक्यांना पोटाचा विकार होता आणि डॉक्टरांनी आठाच्या आत जेवायला बजावलं होतं. ती आली की उभ्या उभ्या ओट्याशी दोन घास खायची आणि झोपायची.

मग बोलणार कधी? स्वयंपाकघराच्या दारामागे एक पाटी टांगली होती, तिच्यावर संसार चालायचा. ‘भाजी वरच्या डब्यात.’ ‘नळ गळतो.’ ‘तुमच्या बहिणीचा फोन आला होता, रागावल्या आहेत.’ ‘कशाबद्दल?’ ‘सांगितलं नाही.’ या शेवटच्या संवादाला तीन दिवस लागले होते. राहता राहिला रविवार, तर रविवारी ती झोपेचं देणं फेडायची. ताट वाढून ठेवायची आणि ‘तुम्ही बसा, मी पडते जरा’ म्हणायची, ती संध्याकाळीच उठायची. भांडण नव्हतं, दुरावा नव्हता. दोघांना एकमेकांची आठवण यायची, एवढंच, आणि एकाच घरात राहून आठवण येणं यासारखी चमत्कारिक गोष्ट नाही.

अशात एक दिवस नेमके कार्यालयातून उड्या मारत आले. म्हणजे उड्या अशा नाहीत, पण जिन्याच्या पायऱ्या न मोजता आले, हे त्यांच्या हिशेबी तेच. उपनगरी रेल्वेचा नवा मार्ग आखला जात होता. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांच्या घरामागे वीटभट्टीचा जुना माळ होता, तिथे एक स्थानक, आणि कारखान्याच्या दारापाशी दुसरं. त्यांनी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘रेल्वे येणार. तुला कारखान्यापर्यंत पस्तीस मिनिटे.’

सकाळी उठून बघतात तर खाली लिहिलेलं, ‘कधी?’

हा प्रश्न साहेबांना विचारायचा होता. साहेब म्हणजे नियोजन कार्यालयाचे प्रमुख, स्वभावाने सज्जन, पण कागदाला देव मानणारे. त्यांनी टेबलावर एक छापील तक्ता ठेवला. नव्या स्थानकाला मान्यता हवी असेल तर त्या जागी सलग तीन दिवस, सकाळी साडेसहा ते साडेनऊ, रोज किमान दोन हजार माणसं मोजली गेली पाहिजेत. एक दिवस जरी आकडा कमी भरला, तर स्थानक रद्द आणि पुढची मोजणी दहा वर्षांनी. इथवर ठीक होतं. पण तक्त्याच्या माथ्यावर लिहिलं होतं, ‘गाडीची वाट पाहत थांबलेले प्रवासी.’

‘‘साहेब, तिथे गाडी नाही,’’ नेमके म्हणाले.

‘‘माहीत आहे.’’

‘‘मग वाट कोण पाहील?’’

‘‘नेमके, हा तक्ता चालू स्थानकांसाठी केलेला आहे. चाळीस वर्षांपूर्वी. गोदामात अजून अठरा गठ्ठे पडलेत.’’

‘‘मग तक्ता बदलता नाही का येणार?’’

‘‘बदलायला समिती नेमावी लागते. आणि समिती नेमायला गरज सिद्ध व्हावी लागते. गरज कशावरून सिद्ध करणार? याच तक्त्यावरून.’’ साहेबांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की नेमक्यांना ते पटलं.

मग सरावासाठी म्हणून नेमके एक दिवस माळावर जाऊन बसले. सर्वेक्षणवाल्यांनी लाल रंगाच्या खुंट्या ठोकून फलाटाची हद्द आखली होती आणि दोन खुंट्यांमध्ये चार हातांची फट ठेवली होती. ते प्रवेशद्वार. तीन तासांत एक शेळी आत आली. नेमक्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, पण ती वाट पाहत नव्हती, चरत होती. त्यांनी शून्य लिहिलं, खाली सही केली आणि त्या रात्री पाटीवर लिहिलं, ‘स्थानक होणार नाही. तिथे गाडीची वाट पाहणारे कोणी नाही.’

बायकोने ते वाचलं आणि त्यांना झोपेतून हलवून उठवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

‘‘अहो, वाट पाहणारे हवेत ना?’’

‘‘हो.’’

‘‘गाडी असायलाच हवी असं लिहिलंय का कुठे?’’

नेमक्यांनी डोळे मिटूनच तक्ता आठवला. ‘‘नाही. तसं नाही लिहिलेलं.’’

‘‘मग झोपा,’’ ती म्हणाली.

बसच्या रांगेत अकरा वर्षं उभी राहिलेली बाई. तिची ओळख किती असेल, याचा अंदाज नेमक्यांना नव्हता. मावशी, वहिनी, काकू, ताई, ज्याला जे सुचेल ते तिला म्हणायचं, आणि रोज सकाळी शेवटच्या थांब्यावर जमणारी ती सगळी जनता तिचं ऐकायची. तिने फक्त एवढंच सांगितलं, की तीन दिवस बसची वाट न पाहता माळावर येऊन गाडीची पाहा. वाट पाहण्यात काय, सवय होतीच. नुसती जागा बदलायची.

मोजणी सोमवारपासून होती. त्या सकाळी नेमके स्टूल उघडून बसतात न बसतात तोच समोरून माणसांचा लोंढा. डबे, पिशव्या, छत्र्या. नेमके तीन ताड उडाले. पण ते नेमके होते. पहिल्या माणसाला त्यांनी फटीत अडवलं. कोपऱ्यावरचा शिंपी होता तो, गळ्यात टेप घातलेला.

‘‘गाडीची वाट पाहताय का?’’

‘‘आता तुमच्याच बाईंनी सांगितलं म्हणून...’’

‘‘तसं नाही चालणार. खरोखर पाहताय का?’’

शिंप्याने डोकं खाजवलं. ‘‘खरं सांगू का नेमके, इथे दुकान टाकलं तेव्हा घरमालक म्हणाला होता, वर्षभरात रेल्वे येतेय. त्याला आता चौदा वर्षं झाली. म्हणजे पाहतोच आहे की.’’

नेमक्यांनी खटका दाबला. दिवसाचा पहिला प्रवासी. दोन हजार माणसांना तीन तास म्हणजे माणशी पाच सेकंद आणि वर थोडे, हे त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. पाच सेकंदांत प्रत्येकाला विचारायचं. आणि नवल असं, की एकाही माणसाने नाही म्हटलं नाही. कोणी सात वर्षं पाहत होता, कोणी लग्न होऊन आल्यापासून.

मग बायको आली. हातात डबा, खांद्यावर पिशवी. फटीत उभी राहून ती म्हणाली, ‘‘विचारा.’’

‘‘तुला नाही मोजता येणार,’’ नेमके खाली बघून म्हणाले. ‘‘मोजणीदाराचे नातेवाईक वगळायचे असतात.’’

‘‘ही सगळी माणसं मी आणली.’’

‘‘ते बरोबर आहे. पण नियम आहे.’’

मागे रांग खोळंबली होती. बायकोने त्यांच्याकडे अशी एक नजर टाकली की काच असती तर तडकली असती, आणि न मोजलेली अशीच आत जाऊन उभी राहिली. त्या दिवशी आकडा भरला दोन हजार एकशे त्रेचाळीस.

साडेनऊ वाजले आणि पंचाईत झाली. सगळ्यांनाच कामावर जायला उशीर झाला होता. शिंपी सोडून, कारण तो स्वतःचाच मालक. लोक नेमक्यांभोवती जमले आणि दाखला मागू लागले. नेमक्यांनी विचार केला आणि कार्यालयाच्या कागदावर लिहून दिलं, ‘आज सकाळी साडेसहा ते साडेनऊ या वेळेत या ठिकाणी गाडी आली नाही, हे खरे आहे.’ खाली सही, शिक्का. यात अक्षर खोटं नव्हतं. सगळ्या कार्यालयांनी आणि कारखान्यांनी तो दाखला बिनबोभाट मान्य केला. फक्त नेमक्यांच्या बायकोला उशिराची खूण पडली, कारण नातेवाइकांना दाखला देता येत नव्हता.

मंगळवारी माणसं आपणहून आली. चहाची टपरी आली, वर्तमानपत्रवाला आला. आदल्या दिवशीच्या जागा लोकांना पाठ झाल्या होत्या. पहिला डबा कुठे थांबणार यावरून दोन गटांत जुंपली. एक म्हातारे मास्तर म्हणत होते की दार नेमकं त्यांच्यासमोर येतं, तेव्हा पुढे घुसू नका. साडेआठला त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी रेल्वेच्या चौकशी खात्याला फोन लावला. पलीकडच्या मुलीने स्थानकाचं नाव विचारलं, मास्तरांनी सांगितलं. तिने थोडा वेळ काहीतरी चाळलं असावं, मग ठरलेल्या सुरात म्हणाली, ‘‘गाडी पंधरा मिनिटं उशिरा धावत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’’

मास्तरांनी हे मोठ्याने सांगितलं आणि माणसं हसायची थांबली. जे टपरीवर होते ते कप टाकून जागेवर आले. बायांनी पिशव्या उचलून खांद्याला लावल्या. अडीच हजार माणसं माळाच्या टोकाकडे टक लावून पाहू लागली, जिथे रूळ नव्हते, बाभळी होत्या. नेमक्यांनीसुद्धा एकदा मान वळवून पाहिलं. हे त्यांनी नंतर कोणाला सांगितलं नाही, पण पाहिलं. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मग कोणीतरी ‘नेहमीचंच आहे यांचं’ म्हणालं आणि लोक मनापासून चिडले.

त्या दिवशीही बायकोला वगळलं. ती नुसती शेजारून गेली, आणि साबणाचा ओळखीचा वास आला तेव्हा नेमक्यांचा एक खटका अर्धाच दाबला गेला. त्यांनी तो पुन्हा नीट दाबला. संध्याकाळी पाटी कोरी होती. नळ गळत असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

बुधवार. शेवटचा दिवस. आणि बस कंपनीने डाव साधला. दोन दिवस रिकाम्या बस फिरवून कंपनी हवालदिल झाली होती. त्यांनी माळाच्या कडेला, फटीपासून वीस पावलांवर, नव्या कोऱ्या बस आणून उभ्या केल्या. थेट जाणाऱ्या, गादीच्या आसनांच्या, आणि त्या दिवशी फुकट. कारखान्यालासुद्धा एक थेट बस होती! मध्ये बदलायची नाही, चालायचं नाही. ज्या बससाठी लोकांनी अकरा वर्षं अर्ज केले, ती गाडीची वाट पाहायला लागल्यावर तिसऱ्या दिवशी दारात. आता याला काय म्हणावं!

लोक चुळबुळले. पहिले पाच-पन्नास गुपचूप बसमध्ये चढले. मग शंभर. बस भरली, गेली, दुसरी लागली. स्टुलावर बसून नेमके हे बघत होते. मोजणीदाराने हाक मारायची नसते, बोलवायचं नसतं. आठ वाजता यंत्रावर आकडा होता सहाशे बारा.

बायको बसच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तिला वाटलं असतं तर सरळ चढून बसली असती. दोन उशिराच्या खुणा झाल्या होत्या, तिसरीला अर्ध्या दिवसाची रजा जात होती. तिने वाहकाला विचारलं, ‘‘दादा, ही बस उद्या येईल का?’’

वाहक इमानदार निघाला. इकडेतिकडे बघत म्हणाला, ‘‘मावशी, खोटं कशाला बोलू? आजच्यापुरतीच आहे. उद्यापासून तीच जुनी.’’

‘‘जरा मोठ्यांदा सांगा ना, मागच्यांना ऐकू जात नाही.’’

त्याने मोठ्यांदा सांगितलं. बसमध्ये थोडा वेळ कोणी हललं नाही. गादी सोडवत नव्हती. मग एक पोक्त बाई उठली, तिच्यामागे तिची जाऊ, आणि मग धडाधड माणसं उतरायला लागली. नेमक्यांचा अंगठा सुटला. माणशी पाच सेकंदही राहिले नाहीत, ‘वाट?’ ‘हो’ ‘वाट?’ ‘हो’ असं चाललं होतं. साहेब स्वतः फाईल घेऊन आले होते, तेही मागे उभे राहून ओठांतल्या ओठांत मोजत होते. नऊ वाजून चोवीस मिनिटांनी यंत्रावर दोन आणि तीन शून्यं उमटली. रस्ता ओस पडला होता, माणूस म्हणून शिल्लक नव्हता. माळावर एकच गजर झाला. मास्तरांनी टोपी उडवली.

नेमके मात्र आत बघत होते. शिंपी टपरीपाशी चहा पीत होता, गळ्यात टेप.

‘‘तुम्ही मघाशी बाहेर गेला होता?’’

‘‘हो, टेप विसरली होती दुकानात. पळत जाऊन घेऊन आलो. का?’’

नेमक्यांचा चेहरा पांढरा पडला. सकाळी टेप नसलेला एक माणूस त्यांनी मोजला होता. नंतर टेप असलेला एक मोजला होता. टेपेशिवाय हा शिंपी त्यांना ओळखूच आला नव्हता. यंत्राला मागे जाता येत नाही, म्हणून त्यांनी नोंदवहीत लिहिलं, ‘वजा एक.’ आणि मोठ्याने वाचलं, ‘‘एक हजार नऊशे नव्व्याण्णव.’’

लोक आधी हसले. मग त्यांना कळलं की हा माणूस थट्टा करत नाही.

‘‘नेमके, एक माणूस हो! एक!’’

‘‘धरा की दोन हजार,’’ साहेब कानाशी येऊन म्हणाले. ‘‘कोण बघतंय?’’

‘‘मी बघतोय, साहेब.’’

खरं सांगतो, मी तिथे असतो तर त्यांना स्टुलासकट उचलून बाभळीत टाकलं असतं. पण एक सांगायला हवं. या एका आकड्यावर कोणाचे पाय अवलंबून आहेत, कोणाची संध्याकाळ अवलंबून आहे, हे त्या माळावर त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. आणि तरी त्यांना दोन हजार लिहिता येईना. सव्वीस वर्षांत त्यांनी एकही माणूस जास्तीचा लिहिला नव्हता. दुसरं काही त्यांच्याकडे नव्हतंच.

नऊ सव्वीस झाले होते. गर्दीतून वाट काढत बायको आली. ती अजून फटीच्या बाहेरच होती, बसपाशी. तिने काही न विचारता स्टुलाखालची नियमांची पुस्तिका उचलली आणि शेवटचं पान उघडलं. तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत शब्दांचे अर्थ छापले होते. बारीक बघणं हा तिचा धंदाच. तिने वाचलं, ‘‘नातेवाईक म्हणजे मोजणीदाराच्या घरात राहणारी आणि मोजणीच्या आधीच्या सात दिवसांत त्याच्यासोबत किमान एकदा जेवलेली व्यक्ती.’’

पुस्तिका मिटून तिने परत स्टुलाखाली ठेवली.

‘‘आता विचारा,’’ ती म्हणाली.

नेमक्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. मंगळवार, ती आली तेव्हा ते झोपलेले. सोमवार, ओट्याशी उभी राहून, एकटी. रविवार, ताट वाढून ती आडवी झाली होती, त्यांनी एकट्याने जेवून तिच्या अंगावर पांघरूण घातलं होतं. शनिवार नाही. शुक्रवार नाही. गुरुवार... गुरुवारी काय होतं? ते तिच्याकडे बघायला लागले, आठव काहीतरी असं डोळ्यांनी विनवत. एखादा घास, एखादं बिस्कीट, चहात बुडवलेलं.

‘‘गुरुवारी नाही,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘गेल्या बुधवारीही नाही. मी आठवून बघितलंय.’’

सगळा माळ ऐकत होता. टपरीवाल्याने स्टोव्ह बंद केला.

‘‘गाडीची वाट पाहताय का?’’ नेमक्यांनी विचारलं. नियमात ‘अहो-जाहो’ होतं, तसंच विचारलं.

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘पाहतेय.’’

त्यांनी खटका दाबला. दोन हजार भरले. शिंप्याने टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले. साहेबांनी फाईल पुढे केली, कारण अशा वेळी एक निवेदन लागतं, आणि नेमक्यांनी गुडघ्यावर फाईल ठेवून वळणदार अक्षरात लिहिलं, ‘शेवटी मोजलेली महिला माझी नातेवाईक नाही.’ सही केली. वर बघतात तर ती नव्हती. शेवटची थेट बस सुटत होती आणि तिला कारखाना गाठायचा होता.

दुपारी कार्यालयात पेढ्यांऐवजी नुसता चहा झाला. स्थानकाला प्राथमिक मान्यता मिळाली. साहेबांनी नेमक्यांच्या पाठीवर थाप मारली.

‘‘किती दिवस लागतील, साहेब?’’

‘‘आता काही अडचण नाही. जमीन, रूळ, पूल, सगळं धरून नऊ वर्षं.’’

बायकोच्या निवृत्तीला सहा वर्षं राहिली होती. हे गणित करायला नेमक्यांना यंत्र लागलं नाही. त्यांनी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा रजेचा अर्ज भरला, त्यात कारण लिहायची जागा होती, तिथे ‘घरगुती’ एवढंच लिहिलं.

गुरुवारी सकाळी ती गेल्यावर त्यांनी स्वयंपाक केला. भात जरा खाली लागला. डबा भरून ते जुनीच बस धरून निघाले, मग पायपीट, मग दुसरी बस. सगळा रस्ता उभं राहूनच. कारखान्याच्या दारात पोहोचले तेव्हा सवयीने घड्याळ पाहिलं. दोन तास पस्तीस मिनिटं लागली होती. अकरा वर्षं ती पंचवीस मिनिटं कमी सांगत होती. ज्या माणसापासून मिनिटसुद्धा लपत नाही अशी त्यांची ख्याती, त्या माणसापासून तिने रोजची पन्नास मिनिटं लपवली होती, आणि ती त्यांच्यासाठीच. नेमके भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांना रडू आलं.

जेवणाचा भोंगा झाला. बायका बाहेर आल्या, हात काचेच्या भुकटीने पांढरे. त्यांत ती. यांना बघून थबकलीच.

‘‘अहो, काय झालं? तुम्ही इथे कसे? कोण गेलं?’’

‘‘कोणी नाही. जेवायला आलोय.’’

ती हात पुसत म्हणाली, ‘‘वीस मिनिटांचीच सुट्टी असते.’’

‘‘पुरे होतील.’’

भिंतीलगत बाकडं होतं, तिथे दोघं बसली. त्यांनी डबा उघडून दोघांच्या मध्ये ठेवला. तिने पहिला घास घेतला, भात लागलेला आहे हे तिला कळलं आणि तिने दुसरा घास घेतला.

‘‘काल मोजलं ते मोजलं,’’ नेमके म्हणाले. ‘‘आजपासून तुला धरता येणार नाही.’’